अंबुजाक्का आणि बोटीतला वास

वांगं आतून किडकं आहे की नाही हे अंबुजाक्का बाहेरून ओळखतात. आधी देठाकडे बघतात, मग विकणाऱ्याकडे, मग पुन्हा देठाकडे. तमिळ मुलखातल्या अण्णा नगरात त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मागायला मी गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे याच क्रमानं पाहिलं होतं. फक्त मला देठ नसल्यामुळे त्यांची थोडी पंचाईत झाली.

"तू मूळचा कुठला म्हणालास?"

"वेंगुर्ल्याचा."

"म्हणजे मासे खातोस."

"खातो."

"या घरांत नोको."

"घरी नाही करणार, अक्का."

"बाहेर खाऊन आलास तरी मला कळतें. अस्कें कळतें."

अक्कांच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येताना जी मराठी बरोबर आणली, तीच त्या अजून वापरतात. मधल्या काळात तिच्या शेजारी तमिळ येऊन राहिली आणि आता कोण मालक, कोण भाडेकरू हे सांगता येत नाही. 'अस्कें' म्हणजे सगळं. हे 'सगळं कळणं' त्यांनी उपनगरी गाड्यांत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करून कमावलं होतं. निवृत्त झाल्या तरी समोरचा माणूस विनातिकीटच आहे हे गृहीत धरून त्या संभाषण सुरू करतात. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला की दुधात पाणी, नाही केला तरी दुधात पाणी. डॉक्टरांनी "काही झालेलं नाही" म्हटलं, तर हा आपल्यापासून काहीतरी लपवतोय अशी त्यांची खात्री होते आणि त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.

माझ्या माशांबद्दल मात्र त्यांचा अंदाज कधीच बरोबर आला नाही. मी बाहेर चापून सुरमई खाऊन आलो की त्या जिन्यात भेटून "जेवलास काय?" एवढंच विचारीत. आणि ज्या दिवशी पोट बिघडलं म्हणून दहीभातावर होतो, नेमकं त्या दिवशी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "आज खाल्लास!" मी शपथ घेतली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि मानली नाही. खरी गोष्ट अशी होती की अक्का जन्मात मासळीच्या जवळ गेल्या नव्हत्या. मासळीला वास असतो एवढं त्यांना माहीत होतं, पण तो कसा असतो हे माहीत नव्हतं. त्यामुळे जो वास कशाचा ते समजत नाही, तो माशाचा, अशी त्यांनी सोय करून घेतली होती.

अशा बाईच्या नवऱ्यानं मासेमारीची बोट विकत घेतली.

विजयेंद्रराव म्हणजे एक सरळमार्गी, सडसडीत गृहस्थ. आयुष्यभर ट्रकच्या कारखान्यात इंजिनांची चाचणी घेत. लोखंडी चौकटीत इंजिन घट्ट बसवायचं आणि दिवसच्या दिवस फिरवत ठेवायचं. एकदा गच्चीवर कॉफी पिताना ते मला म्हणाले, "संजीवा, माज्या हाताखालीं इंजिनें कन्याकुमारीहून काश्मीरला जाऊन परत येतील इतकीं धांवलीं. पण एकही इंजिन इंचभर पुढें गेलें नाहीं. मीही नाहीं." हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं. मीही विनोद म्हणून हसलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी शहराबाहेरचा, ओरगडमजवळचा प्लॉट विकला आणि कासिमेडूच्या मच्छीमार बंदरातून एक जुना लोखंडी ट्रॉलर घेतला. तेव्हा कळलं की हसायला नको होतं.

त्यांचा बेत असा होता, की या बोटीची लांब पल्ल्याची मोहीम-नौका करायची. आधी अंदमान, मग तिथून खाली इंडोनेशियाची बेटं, पुढचं पुढे. मासेमारीची बोटच का, असं मी विचारलं. राव म्हणाले, "हौशी लोकांच्या बोटी दिसायला नवरीसारख्या. ही सासूसारखी आहे. समुद्र हिला घाबरतो." बोलून झाल्यावर त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून घेतलं.

अक्कांना त्यांनी जेवताना सांगितलं. मी तिथे नव्हतो, पण अक्कांनी मला त्याच संध्याकाळी जिन्यात गाठून साद्यंत हकिकत ऐकवली. शेवटी रावांनी हात धुतले आणि ते म्हणाले, "तूं आलीस तर जाईन. नाहीं आलीस तर नाहीं जाणार."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पाहूं म्हटलें."

अक्कांचं 'पाहूं' म्हणजे टोलवाटोलवी नव्हे. त्या खरंच पाहतात.

पुढची दोन वर्षं बोट दुरुस्तीच्या यार्डात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. यार्डचा मुकादम वेंकट आणि त्याची माणसं तिला आतून सोलून काढीत होती. जाळं ओढायचा विंच काढला. मासळी आणि बर्फ ठेवायचा मधला मोठा खण रिकामा केला. खणाच्या भिंतींमागे थंडावा टिकवायला भरलेला फोम वर्षानुवर्षांचं पाणी पिऊन भिजलेल्या गादीसारखा झाला होता, तो ओरबाडून काढला. मागचं लोखंड घासलं, गंजलेले पत्रे बदलले, रंग दिला. मग त्या खणाचे दोन भाग झाले. एका भागात जादा डिझेलच्या टाक्या, कारण लांब जायचं तर वाटेत पंप नाहीत. दुसऱ्या भागात झोपायची खोली आणि तिला लागून छोटं स्वयंपाकघर. इंजिन मात्र रावांनी कुणाला हात लावू दिलं नाही. ते त्यांनी स्वतः उघडलं, स्वतः जोडलं, आणि पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्याच्या शेजारी बराच वेळ बसून राहिले.

अक्का अधूनमधून तपासणीला येत. नाकाला नीलगिरीचं तेल शिंपडलेला रुमाल घट्ट धरून त्या शिडी चढत, आणि रुमालाआडून त्यांचा आवाज दूरच्या स्टेशनवरच्या घोषणेसारखा येई.

"झोपायच्या फळ्या तीन कां?"

"तूं, मी आणि एक खलाशी," राव म्हणत.

"खलाशी कोण?"

"अजून ठरला नाहीं."

"ठरला नाहीं, पण फळी तयार!"

एकदा त्यांनी जीवरक्षक जाकिटं मोजली. माणसांपेक्षा जास्त निघाली. 'बुडणार हें यांना ठाऊक आहे' असं त्यांनी मला परतताना मेट्रोत सांगितलं. मी म्हटलं, "अक्का, कमी असती तर?" त्या म्हणाल्या, "तर मला बुडवणार, हें ठरलें असतें." मी खिडकीबाहेर पाहिलं.

पण मला एक दिसत होतं. त्या प्रत्येक वेळी परत येत होत्या. ज्या बाईला जायचंच नाही ती फळ्या मोजत नाही. रावांनाही हे दिसत असावं, कारण अक्का बोटीवर आल्या की ते उलटतपासणीला उभ्या असलेल्या साक्षीदारासारखे नम्र होत आणि मनातून खूष असत. त्यांचं सगळं त्या एका 'हो'वर अडलं होतं. अक्कांचा 'हो' नसता तर बोट त्यांनी खरंच तशीच ठोकळ्यांवर ठेवली असती. त्यांनी जेवताना दिलेला शब्द होता तो, आणि ते शब्द मोडणाऱ्यांतले नव्हते.

मग बोट पाण्यात उतरली. धक्क्याला बांधली, आणि रावांनी प्रवेशाचा मुहूर्त काढला. घरात राहायला जाताना इकडे नव्या चुलीवर दूध ठेवतात आणि ते उतू जाऊ देतात. घरच्या बाईनं चूल पेटवायची, मग दूध, मग कापूर. राव म्हणाले, बोट म्हणजे घरच. गॅसची शेगडी, सिलिंडर, नळी सगळं त्यांनी आपल्या हातानं बसवलं होतं.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी अक्का वर माझ्या दारात आल्या. चेहरा उतरलेला होता.

"उद्यां तूं येतोस."

"येतोच आहे की, अक्का. बोलावणं आहे."

"तुला बोलावायचें कारण वेगळें." त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. "बोट धुतली, घासली, रंगवली. मासळीचा वास गेला होता. मी स्वतः पाहिलें. मग यांनीं स्वयंपाकघर बसवलें. परवां गेलें, तर वास परत! रुमालांतूनसुद्धां आला. कुजका, उग्र. खालून येतो."

"जुना वास असेल कुठे अडकलेला."

"जुना असता तर मधें गेला कुठें? नाहीं संजीवा. स्वयंपाकघर आलें, आणि वास आला." त्यांनी आवाज खाली केला. "हे तिथें मासे शिजवून खातात."

मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गिळलं. अक्कांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा असा संशय पाहिला ज्याच्यात मजा नव्हती. दूधवाल्यावर संशय घेताना त्या चांगल्या टवटवीत असतात.

"चाळीस वर्षें मला एक गोष्ट खोटी सांगितली नाहीं यांनीं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मी 'पाहूं' म्हटलें. दुसऱ्या कुणाला सरळ 'नाहीं' म्हटलें असतें. हा माणूस माशाबद्दल खोटें बोलतो, तर समुद्रांत मधोमध काय बोलेल? तूं खाणारा. तूं वास घे आणि सांग. तूं होय म्हणालास, तर मी बोटीवर पाय ठेवणार नाहीं. कधींच नाहीं."

म्हणजे रावांची दोन वर्षं, त्यांचा प्लॉट आणि इंडोनेशिया हे सगळं आता माझ्या नाकावर येऊन बसलं होतं. या माणसानं लपून एखादा बांगडा खाल्ला असेल तर खोटं बोलायचं, असं मी त्या रात्री ठरवून टाकलं. मासे खाणाऱ्यानं मासे खाणाऱ्याला सांभाळून घ्यायलाच हवं.

सकाळी आम्ही पोचलो. धक्क्यावर झेंडूचं तोरण, बोटीच्या नाकाला हळदकुंकू. राव नव्या पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे इकडच्या धोतरात, कोरे करकरीत दिसत होते. वेंकट वर डेकवर नारळ घेऊन उभा. अरुंद शिडीनं आम्ही तिघं खाली उतरलो, पुढे राव, मग हातात दुधाचं भांडं घेऊन अक्का, मग मी. हवा यायच्या झडपा बंद होत्या. आदल्या दिवशीपासून राव कुणाला आत जाऊ देत नव्हते, मुहूर्ताआधी धूळ नको म्हणून.

स्वयंपाकघर एवढंसं पण देखणं होतं. अक्कांनी भांडं शेगडीवर ठेवलं. रावांनी काड्यापेटी त्यांच्या हातात दिली. अक्कांनी काडी काढली, पेटीच्या कडेला टेकवली, आणि थांबल्या.

"अहो, एक मिनिट. संजीवा, वास घे."

"कसला वास?" राव म्हणाले.

"तुम्ही बोलूं नोका. संजीवा, खोटें बोलूं नकोस. कसला?"

मी नाक वर करून दीर्घ श्वास घेतला. नीलगिरी. रंग. थोडं डिझेल. आणि त्यांच्या खालून दुसरं काहीतरी. मी वाकलो. वास वाढला. गुडघ्यांवर बसून पायाखालच्या फळीच्या फटीला नाक लावलं. खारवलेला मासा, सुका जवळा, पावसाळ्यात बिघडलेली कोलंबी, सगळे मला नावानिशी ठाऊक आहेत. यातलं काहीही ते नव्हतं. हा वास मी वेंगुर्ल्याच्या आमच्या स्वयंपाकघरात एकदाच घेतला होता, आणि तेव्हा आई ओरडली होती, "दिव्याचं बटण दाबू नका!"

"अक्का," मी म्हणालो, "काडी खाली ठेवा. ओढू नका. हे मासे नाहीत. हा गॅस आहे."

घरी हा वास आला असता तर अक्कांनी झोपेतसुद्धा ओळखला असता. पण घरी त्यांच्या नाकावर नीलगिरी नसते, आणि घर कधी मासेमारीची बोट नसतं. इथे पाय ठेवला की आलेला वास माशाचा, हे ठरूनच गेलेलं होतं. राहता राहिले राव. डिझेलच्या धुरात चाळीस वर्षं काढलेल्या त्यांच्या नाकाला वास कळायचा केव्हाच बंद झाला होता. गॅस हवेपेक्षा जड. कुठूनतरी थोडाथोडा झिरपून बोटीच्या तळाशी साचत राहिला होता, आणि वर फळीवर आम्ही काडी घेऊन उभे होतो.

रावांचा हात भिंतीकडे गेला. वास बाहेर फेकायला पंखा लावावा म्हणून. "बटण नको!" मी ओरडलो आणि त्यांचं मनगट धरलं. मी अक्कांना शिडीवर ढकललं, राव मागून आले. वर गेल्यावर वेंकटला सांगितलं तेव्हा त्यानं आधी खाली जाऊन सिलिंडरचा खटका फिरवला, मग सगळ्या झडपा उघडल्या आणि एका ताडपत्रीचं तोंड समुद्राकडे करून दुसरं टोक खाली सोडलं. वारं त्यातून पोत्यात शिरावं तसं बोटीच्या पोटात शिरू लागलं. आम्ही तिघं धक्क्यावर लांब जाऊन बसलो. अक्कांच्या मुठीत ती काडी अजून तशीच होती. मी हळूच सोडवून घेतली.

बऱ्याच वेळानं वेंकटनं लांबूनच हात हलवून सांगितलं. रबरी नळीचा जोड सैल होता.

राव एकदम अक्कांकडे वळून म्हणाले, "तुला वाटलें मी मासे खाल्ले?"

"राव, जाऊ द्या आता," मी म्हणालो. "जीव वाचला."

"तें राहूं दे. मासे?" राव म्हणाले. "इतकीं वर्षें... आणि माशावरून?"

"मग काय समजूं?" अक्का म्हणाल्या. "स्वयंपाकघर आलें, वास आला. मी काय खोटें बोलले?"

"मला विचारायचें!"

"चोराला विचारतात काय?"

"मी चोर?"

अक्कांनी रुमाल मांडीवर पसरून त्याच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मासे खाल्ले असते तर बरें होतें."

रावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी काडी ओढली असती," अक्का म्हणाल्या. "माज्या हातानें. तुम्ही पुढें उभे होतां."

वेंकटच्या ताडपत्रीत वारं फडफडत होतं. राव उठले, दोन पावलं चालले, परत येऊन बसले. "नळी मीच बसवली होती," म्हणाले. "जोड मीच आवळला होता." मग बोटीकडे न बघता म्हणाले, "विकून टाकूं."

"कां?" अक्कांची मान झटकन वर झाली. "कोण घेतो म्हणाला? कधीं म्हणाला?"

"कुणी नाहीं, अंबुजा. मीच म्हणतों."

अक्कांनी त्यांच्या चेहऱ्याचं देठापासून निरीक्षण केलं. आत काही लपलेलं दिसलं नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास झालेला दिसला. "आधीं तो सिलिंडर वर उघड्यावर आणा," त्या म्हणाल्या. "खालीं गॅस नको. वास सांगणारें यंत्र लावा. तुमच्या नाकाचा भरवसा नाहीं. मग दूध ठेवूं. तें काय सांगतें तें पाहूं."

दूध पूर्वेला उतू गेलं तर शुभ, असं इकडे मानतात. "पूर्वेला गेलें तर मी येतें," अक्का म्हणाल्या, "नाहीं गेलें तर विका." नवऱ्याला चोर म्हटल्यावर 'हो' म्हणायला तोंड होईना, म्हणून त्यांनी निवाडा दुधाकडे सोपवला असावा. मी हे अर्थातच बोललो नाही.

राव कामाला लागले. सिलिंडर डेकवर एका जाळीच्या कपाटात गेला, कपाटाला खालून भोकं, गळला तरी गॅस समुद्रात पडावा म्हणून. नळ्या सगळ्या नव्या. जोडांवर साबणाचं पाणी लावून वेंकटनं तपासलं, मग रावांनी तपासलं, मग अक्कांनी दोघांनाही बाजूला सारून स्वतः तपासलं. खाली तळाशी गॅस ओळखणारं यंत्र बसलं. ते चालतं की नाही हे बघायला अक्कांनी त्याच्यासमोर न पेटवलेला लायटर दाबून धरला. यंत्र किंचाळलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याइतका संशयी भेटला, असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

यावेळी मुहूर्त कुणी काढला नाही. उघड्या डेकवर रावांनी एक शेगडी मांडली आणि अक्कांनी दूध ठेवलं. काडी त्यांनीच ओढली, पण त्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी हवा हुंगून मान डोलावली. वाऱ्यानं ज्योत सारखी एका अंगाला लवत होती. राव भांड्याभोवती हातांचा आडोसा करून उकिडवे बसले होते. दूध तापता तापेना. वेंकट कुठल्याशा देवाला नवस बोलत होता. शेवटी साय फुगली, कडेला आली, क्षणभर थांबली, आणि धार लागली. समुद्राच्या बाजूनं. पूर्वेला.

राव दूर पाण्याकडे बघत राहिले. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

अक्का वाकल्या. भांड्याच्या खाली नजर गेली. पश्चिमेकडच्या अंगाला, शेगडीच्या पायाखाली, लाकडाची बोटभर पाचर होती, म्हणून भांडं पूर्वेकडे कललेलं. ताज्या रंध्याचं लाकूड, यार्डातलं. मीही पाहिली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं.

ज्या बाईनं माझ्यावर दहीभाताबद्दल खटला भरला होता, तिच्या पुढ्यात धडधडीत पुरावा पडला होता. अक्कांनी हात पुढे केला, पाचर ओढून काढली, आणि शेगडी हलली तसं राव दचकून वळले, तोवर ती पदराच्या टोकात गुंडाळून कमरेला खोचलीही होती.

"काय झालें?" राव म्हणाले.

"काहीं नाहीं. शेगडी डगडगते. नीट बसवा." अक्कांनी वाट्या मांडल्या आणि उरलेलं दूध ओतायला घेतलं. "अहो, अंदमानांत इडलीचें पीठ आंबतें काय?"

"आंबतें म्हणतात."

"कोण म्हणालें?"